रडल्याची काडी

"रडल्याची काडी नाही टाकायची, वं प्रेमिला. आन उपासाचीही नाही. दुसऱ्या कोणासाठी हात हलला, तरच काडी. नाही तं गव्हाणी रिकामी राहू दे."

सासूबाईंनी, म्हणजे बायजाबाईंनी, हे सांगितलं तेव्हा प्रेमिला नवी नवरी होती. आता तिच्या केसांत चांदी आली होती आणि बायजाबाई केव्हाच देवाघरी गेल्या होत्या. पण नाताळच्या आधीचा आगमनकाळ लागला, माळ्यावरची गव्हाणी खाली काढली, की गव्हाणीच्या आधी त्यांचा आवाज खाली उतरायचा.

गव्हाणी म्हणजे चहाच्या खोक्याच्या फळ्यांची हातभर पेटी. सासऱ्यांनी ठोकून दिलेली. एक पाय आखूड, त्याखाली खापराचा तुकडा. बायजाबाई तरुणपणी कॉन्व्हेंटात सिस्टर लोकांच्या स्वयंपाकघरात होत्या. नाताळच्या आधीचे चार आठवडे तिथल्या मुली काही चांगलं काम केलं की गव्हाणीत भाताच्या तणसाची एक काडी टाकत, म्हणजे नाताळच्या रात्री बाळ येशूला ठेवायचं तर खाली मऊ अंथरूण असावं. ती रीत बायजाबाईंनी घरी आणली, पण आणताना कडक केली. सिस्टर एका जपमाळेलाही काडी टाकू देत. बायजाबाईंना ते मंजूर नव्हतं. "जप तू आपल्या जिवासाठी करतं," त्या म्हणत, "त्यानं लेकराच्या पाठीले काय मऊ लागते?"

प्रेमिलाचा स्वभाव नेमाधर्माचा. पहाटेची प्रार्थना, संध्याकाळची जपमाळ, शुक्रवारचा उपास. ताप असला तरी चुकायचं नाही. पण यातल्या एकाचीही काडी तिनं कधी टाकली नाही. सासूचा शब्द होता.

चौऱ्याऐंशी सालचा तो आगमनकाळ. ऑक्टोबर संपता संपताच देशाचं काही ठीक नव्हतं. दिल्लीकडच्या बातम्या लागल्या की तिचा नवरा आनंदराव रेडिओचा कान पिळून टाकायचा. तो खापरखेड्याच्या वीज केंद्रात होता, पाळीवरून थकून यायचा आणि म्हणायचा, "जगात काय चाललं ते मले नको सांगू. पोळी वाढ."

त्यांना एकच मुलगी, जयवंता. नर्स झाली आणि भोपाळच्या एका सरकारी दवाखान्यात लागली. दरवर्षी नाताळला सुटी काढून यायची. आली की चप्पल काढायच्या आधी गव्हाणीत डोकावायची आणि म्हणायची, "आई, यंदा काड्या कमी दिसून राहिल्या. कंजूषी केली का?"

पहिल्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर प्रेमिलानं गव्हाणी पुसून खिडकीखाली मांडली. दूधवाल्या गोविंदानं नेहमीसारखी तणसाची पेंडी आणून दिली होती. शेजारच्या मनकर्णेला ताप होता, तिला प्रेमिला पेज करून देऊन आली. परत येऊन तिनं पेंडीतून एक काडी ओढली आणि गव्हाणीत टाकली. यंदाची पहिली.

त्याच रात्री भोपाळला कारखान्यातून विषारी वायू सुटला.

नागपुरात, त्यांच्या मोहननगरात, ते सोमवारी संध्याकाळी रेडिओवरून कळलं. मंगळवारच्या पेपरात फोटो आले. पेपर आनंदरावानं घडी घालून गादीखाली ठेवला. तिनं तो पाहू नये म्हणून त्यानं ठेवला, आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून तिनं तो पाहिला नाही असं दाखवलं.

तार केली, उत्तर आलं नाही. प्रेमिला धरमपेठेत ज्या डॉक्टरीणबाईंकडे शिवण करायला जायची, त्यांच्याकडे फोन होता. तिथं ट्रंक कॉल लावून ती स्टुलावर बसून राहिली. लाइन लागेना. एकदा लागली तर पलीकडे कोणीतरी हिंदीत ओरडलं, "यहाँ किसको ढूँढूँ बहनजी," आणि फोन ठेवला. डॉक्टरीणबाईंनी चहा दिला. तो तिच्यानं प्यायला गेला नाही.

मनकर्णेचा नवरा नत्थूजी रेल्वेत तिकीट तपासनीस होता, आता रिटायर. तो आणि आनंदराव रोज स्टेशनावर जाऊन भोपाळकडून आलेल्या गाड्यांसमोर उभे राहायचे. उतरणाऱ्याला विचारायचं, आणि तो काही सांगू शकला नाही की पुढच्याला. परत आल्यावर नत्थूजी दारातूनच मान हलवायचा.

"सारी जिंदगी लोकायचे तिकिटं पाह्यले, बाई," एकदा तो म्हणाला, "आता चेहरे पाहून राहिलो. तिकीट पाहणं सोपं होतं."

आणि प्रेमिला काय करत होती? प्रार्थना. दुसरं तिच्या हाती होतंच काय. शुक्रवारचा उपास बुधवारीही धरला. मग चहा सोडला. मग मीठ. प्रत्येक दिवशी देवापुढे एकेक नवा नेम ठेवायचा, जसा काही देव दुकानाच्या गल्ल्यावर बसून अजून थोडं घाल म्हणतो आहे. मनकर्णेचा ताप उतरला की नाही हे विचारायलाही ती गेली नाही. शिवणाचे कपडे टोपलीत तसेच. समोरच्या घरचं लेकरू गुडघा फोडून रडत होतं, ती खिडकीतून पाहत राहिली, हात उचललाच गेला नाही. गव्हाणीत एक काडी होती, तेवढीच.

नत्थूजीच शेवटी बोलला. "बाई, तुम्ही अशाच उपाशी राहाल, तं पोरगी आल्यावर तिनं येऊन तुमची नर्सगिरी कराची का?"

"ती आली तं मी जेवीन, नत्थूजी."

"अन् तिनं विचारलं, माह्या आईले काहून मारलं, तं मी काय सांगू?"

आनंदराव हसला. कितीतरी दिवसांनी हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले तसा तो मोरीकडे गेला.

दुसरा रविवार गेला. त्यानंतरच्या एका दुपारी घरात कोणी नसताना प्रेमिला गव्हाणीपाशी बसली. जपमाळ हातात होती, पण शब्द पुढे जाईनात. तिनं पेंडीची गाठ सोडली. एक काडी घेतली, ठेवली. मग दुसरी. मग तिला थांबताच येईना. मूठभर, ओंजळभर, करता करता सगळी पेंडी तिनं गव्हाणीत दाबून भरली. तणसाची टोकं बाहेर आली.

"हे घे," ती पुटपुटली. "सगळं अंथरूण घे. माझी पोरगी तेवढी दे."

बायजाबाईंचा आवाज आला नाही. आला असता तरी तिनं ऐकला नसता.

दोन दिवसांनी सकाळी फाटक वाजलं. एका बाजूनं आनंदराव, एका बाजूनं नत्थूजी, आणि मधे जयवंता. पांढरी साडी मळलेली, डोळ्यांवर ओली पट्टी, श्वास घेताना छातीतून जुन्या भात्यासारखा आवाज. उंबऱ्यापाशी ती थांबली आणि पायानं उंबरा चाचपला.

"आई, आहे ना वं तू?"

प्रेमिलानं तिला धरलं. नत्थूजीनं पिशवी आत ठेवली आणि, "आता जेवा बाई, पोरगी आली," एवढं म्हणून निघून गेला.

वायू सुटला त्या रात्री ती भोपाळला ड्युटीवरच होती. लोंढेच्या लोंढे येत होते, डोळे धरून, धापा टाकत. वायू दवाखान्यातही पसरला होता. ती पाणी घेऊन डोळे धूत राहिली, दुसऱ्यांचे. आपले धुवायला सवड झाली ती दुसऱ्या दिवशी. तरी आठवडाभर ती उभी होती. मग दिसेनासं झालं आणि दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरनं जबरदस्तीनं गाडीत बसवून दिलं.

धरमपेठेच्या डॉक्टरीणबाई स्वतः रिक्षा करून आल्या. त्यांनी आपल्या ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवलं. थेंब दिले, मलम दिलं. "वाट पाहू," ते म्हणाले. "सांगता येत नाही. कोणालाच काही माहीत नाही."

प्रेमिला जेवली. मीठ घातलेली भाजी जिभेला विचित्र लागली. तिच्या मनात एक चोरटा विचार येऊन बसला होता: देवानं घेतलं अंथरूण. दिली पोरगी. सौदा झाला. आता हिला कुठे म्हणून जाऊ द्यायचं नाही.

संध्याकाळी जयवंता भिंत धरत धरत खिडकीपाशी गेली. सवयच ती. खाली बसून तिनं हात पुढे केला आणि गव्हाणीत घातला. हात तणसात रुतला. चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं.

"आई," ती म्हणाली, "गव्हाणी तं भरली. इतकं कोणाकोणाचं केलं वं तू?"

प्रेमिला निवडत होती ते तांदूळ तसेच हातात राहिले.

"मी तिथं सांगत होते सगळ्यायले," जयवंता म्हणाली, "माझी आई तिकडे काड्या टाकून राहिली असंन. आमच्या घरी रडल्याची काडी चालत नाही म्हणून सांगितलं. मोठी सिस्टर म्हणे, तुझी आजी मिलिटरीत होती का?" ती हसली आणि हसण्याचा खोकला झाला. खोकला लवकर थांबला नाही. प्रेमिला पाणी घेऊन धावली, पाठीवरून हात फिरवत राहिली.

खोकला बसल्यावर जयवंतानं कौसल्याबाईचं सांगितलं.

कौसल्याबाई मूळची उमरेडची, कोष्ट्याच्या घरची. हातमाग बंद पडला तसा मुलगा भोपाळला मजुरीला गेला, तीही मागोमाग. त्या रात्री मुलगा, सून, नातू, सगळे गेले. ही तेवढी उरली, डोळे गेलेली. हिंदी तिला आलीच नाही कधी. वॉर्डात कोण काय म्हणतं ते कळेना. भरवायला कोणी आलं तर दात घट्ट मिटायची, कोण जाणे काय घालत असतील म्हणून.

"मी बोलले तेव्हा तोंड उघडलं तिनं," जयवंता म्हणाली. "मी तिले म्हटलं, खा वं माय. बस, तेवढंच. मग माझा हात सोडेना. निघताना मी तिले शब्द दिला, आई. नाताळले मी परत येते, माझ्या आईच्या हातची करंजी आणते आन माझ्या हातानं खाऊ घालते. ती म्हणे, येशीन ना? मी म्हटलं, हाव."

"तुले तं दिसत नाही," प्रेमिला म्हणाली.

"तिलेही दिसत नाही. आमचं जमते."

"जयवंता."

"मी शब्द दिला आहे, आई."

"नाही जायचं." प्रेमिलाचा आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "तुले परत दिलं त्यानं. पुन्हा त्याच्यापाशी मागाची पाळी काहून आणायची?"

"कोणी परत दिलं?" जयवंताला कळलं नाही. प्रेमिला स्वयंपाकघरात निघून गेली.

तिसरा रविवार. ख्रिस्ती लोकांत हा आनंदाचा रविवार. फादरांनी गुलाबी झगा घातला होता. देव जवळ आला आहे, आनंद करा, असं ते सांगत होते, आणि सांगताना त्यांचाही आवाज जरा बसलेलाच होता. कारखान्यात उरलेला वायू संपवायला कारखाना पुन्हा चालवणार म्हणून भोपाळ आठवडाभर रिकामं होत होतं. नागपूरच्या फलाटावरही माणसं वळकट्या टाकून बसली होती. प्रेमिलानं गुडघे टेकले. आनंद मागायचा तर तोंड नव्हतं, आणि रडल्याची काडी नाही हे तिला माहीत होतं. ती नुसती बसून राहिली. शेजारी आनंदराव. त्यानं खिशातून तिच्यासाठी वेलदोडा काढून दिला. लग्नानंतर पहिल्यांदा चर्चमध्ये आले तेव्हाही त्यानं असाच दिला होता.

घरी आले तर जयवंता जमिनीवर. ती एकटीच पिशवी भरायला उठली होती, सकाळचा पाट पायात आला. कपाळाला खोक पडली होती. लागल्याचं ती रडत नव्हती.

"मले दरवाजापर्यंत जाता येत नाही, आई," ती म्हणाली. "दरवाजापर्यंत."

प्रेमिलानं खोक पुसली, हळद दाबली. मग जयवंताला अंथरुणावर घेतलं आणि ताटलीत भात कालवला. जयवंतानं तोंड फिरवलं. प्रेमिलानं घास पुढे नेला आणि तिच्या तोंडून आपोआप गेलं, "खा वं माय."

हात मधेच थांबला. या घरात रुसलेल्या, आजारी, हट्टी पोरीपुढे ताट ठेवताना हेच म्हटलं गेलं होतं. बायजाबाई म्हणायच्या. तिनं त्यांचंच उचललं होतं, आणि जयवंतानं तिचं. तिकडे एक आंधळी बाई हे तीन शब्द ऐकायला दात मिटून पडली होती.

जयवंतानं तोंड उघडलं. घास घेतला.

दुपारी ती झोपल्यावर प्रेमिला खिडकीखाली बसली आणि गव्हाणीतलं तणस काढू लागली. ओंजळीनं नाही, थोडं थोडं. पेंडीत नीट लावून परत गाठ मारली. मनकर्णेच्या पेजेची एक काडी होती, तिची म्हणून एक परत ठेवली. आनंदराव दारात उभा राहून पाहत होता.

"मी भोपाळले जाते," ती खालमानेनं म्हणाली. "नाताळच्या आत."

"तू उमरेडच्या पुढे कधी एकटी गेली नाही."

"मालूम आहे."

"मी जातो."

"तुमचं ती खाणार नाही. दात मिटते." ती थोडी थांबली. "पोरीपाशी तुम्ही राहा. थेंब वेळेवर टाका. आन तिले पाटावर नका बसवू."

त्यानं पुष्कळ कारणं सांगितली. गाड्यांची, हवेची, निवडणुकीच्या गर्दीची. सगळी खरी होती. तिलाही भीती वाटत होती. कौसल्याबाई अजून असेल की नाही, हेही कोणी सांगू शकत नव्हतं. तिनं ते सगळं ऐकून घेतलं आणि रवा चाळायला घेतला.

करंज्या शुक्रवारी तळल्या. उपास होता म्हणून चाखता आल्या नाहीत. पहिली जयवंताला दिली. तिनं चावून सांगितलं, "गूळ जरा जास्त आहे. तिले आवडंन. उमरेडचे लोक गोडखाऊ."

"तुले राग नाही ना आला?" प्रेमिलानं विचारलं. "शब्द तू दिला, आन मी जाऊन राहिली."

जयवंतानं उरलेली करंजी ताटलीत ठेवली. तिला राग आला होता. आपल्या डोळ्यांचा, कारखान्याचा, कोणाकोणाचा. "तिले सांगजो, मी जयवंताची आई आहे म्हणून," ती शेवटी म्हणाली. "जयवंता आहे असं नको सांगू. आवाज सारखा आहे आपला, फसंन ती. फसवायचं नाही."

"नाही फसवणार."

"आन काडी टाकून जा."

"झालं कुठे अजून? आल्यावर टाकीन."

चौथ्या रविवारी मिस्सा आटोपून ती घरी आली. बाळ येशूची मूर्ती पिवळ्या कापडात गुंडाळून कपाटात होती. ती तिनं जयवंताच्या हाती दिली. "उद्या रात्री तू ठेवजो. चाचपून ठेव. काड्या कमी आहेत, पाठीले टोचतीन."

"चालते," जयवंता म्हणाली. पट्टीखालून पाणी येत होतं. थेंबांचं की कशाचं, प्रेमिलानं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर निघाली नसती.

नत्थूजीनं तिकीट काढून ठेवलं होतं आणि गाडीतल्या ओळखीच्या टीसीला सांगून ठेवलं होतं. नत्थूजी स्वतः स्टेशनावर भेटणार होता. आनंदराव फाटकापर्यंत आला. करंज्यांचा डबा तिच्या पिशवीत उभा राहत नव्हता, तो त्यानं फडक्यात बांधून नीट बसवून दिला, पुन्हा सोडला, पुन्हा बांधला.

"झाला," ती म्हणाली.

"हाव," तो म्हणाला, आणि गाठीवरचा हात काढला.

रस्त्यावर निवडणुकीचा भोंगा ओरडत गेला. गोविंदा रिकामे कॅन सायकलला लावून परत चालला होता. तिनं पिशवी घेतलेली पाहून त्यानं एक पाय टेकवला.

"नाताळ इथं टाकून कुठे निघाल्या, बाई?"

"उमरेडची एक बाई आहे," प्रेमिला म्हणाली, "तिले जेवू घालाले."

"उमरेडची बस तं तिकडून."

"ती भोपाळले आहे."

गोविंदानं सायकल बाजूला घेतली. तिनं पदर खांद्यावरून घेतला, डब्याची पिशवी छातीशी धरली आणि स्टेशनाच्या दिशेनं चालू लागली. ओठ हलत होते. जपाची वेळ झाली होती, पण जप नव्हता तो. ते तीन शब्द ती पुन्हा पुन्हा म्हणून पाहत होती, हळू आवाजात, परक्या ठिकाणी गळ्यात अडकू नयेत म्हणून.